तीन अक्षरांची गाठ

टेबल एक, त्यावर संगणक दोन-तीन आणि समोर बसणारा माणूस एकच. पूर्वी ही अडचण फक्त सर्व्हर सांभाळणाऱ्यांची होती. आता घरून काम करणाऱ्याजवळ कंपनीचा लॅपटॉप असतो, शिवाय स्वतःचा असतो, आणि आयटी सेवा कंपन्यांत परदेशी ग्राहकाने पाठवलेला तिसराही कित्येकांच्या टेबलावर येऊन बसतो. आयफोनसाठी अ‍ॅप तयार करायचे तर मॅक लागतोच, मग बाकीचे सगळे काम विंडोजवर किंवा लिनक्सवर चालत असले तरी. एकाच संगणकात आभासी यंत्रे चालवून यातला काही भार हलका होतो. पण कंपनीने कुलूपबंद करून दिलेला लॅपटॉप काही आभासी होत नाही. तो टेबलावर राहतोच. दोन कीबोर्ड आणि दोन माउस मांडले की हात सतत चुकीच्या जागी पडतो. यावर बाजारात ठरलेले उत्तर म्हणजे केव्हीएम स्विच: कीबोर्ड, व्हिडिओ आणि माउस या तिघांना एका बटणाने एका संगणकावरून दुसऱ्याकडे नेणारी पेटी. ही तीन अक्षरे १९९५ मध्ये सायबेक्स या अमेरिकी कंपनीचे संस्थापक रेमिजियस शॅटस यांनी रूढ केली आणि तेव्हापासून आपण या तिन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात मोजत आलो आहोत. माझे म्हणणे असे की ही गाठच चुकीची आहे. कीबोर्ड आणि माउस हाताची आज्ञा नेतात, मॉनिटर डोळ्याला चित्र देतो. या दोन कामांचा भार वेगळा, दोष वेगळे आणि त्यातले धोकेही वेगळे. बहुतेक टेबलांवर फक्त हात सामाईक असावेत. पडदा ज्याचा त्याच्याकडे राहावा, किंवा मॉनिटरलाच आपला मार्ग बदलू द्यावा. याला दोन ठसठशीत अपवाद आहेत, त्यांच्याकडे पुढे येतोच.

आधी भार किती ते पाहू. फोर-के म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पडद्यावर ३,८४० गुणिले २,१६० म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रे धरली, तर दर सेकंदाला जवळजवळ १,२०० कोटी बिट वायरीतून जायला हवेत. आता हाताचे पाहा. साधा यूएसबी कीबोर्ड एका वेळी आठ बाइटांचा निरोप धाडतो: एका बाइटात शिफ्ट, कंट्रोल वगैरे कळांची स्थिती, एक बाइट राखीव आणि उरलेल्या सहांत दाबलेल्या कळांचे क्रमांक. माउसचा निरोप चार बाइटांत मावतो. दोघांना सेकंदाला १२५ वेळा विचारले, तरी बेरीज १२,००० बिटांच्या वर जात नाही. म्हणजे डोळ्याचा भार हाताच्या दहा लाख पट. खेळांसाठीचे माउस सेकंदाला हजार वेळा बोलतात, ते धरले तरी तफावत लाखांतच राहते. ही विषमता आजची नाही. ९ डिसेंबर १९६८ रोजी संगणक-संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या सभागृहात बसून सुमारे ५० किलोमीटरवरच्या मेन्लो पार्क येथील संगणक माउसने चालवून दाखवला. त्या प्रयोगात चित्र आणायला सूक्ष्मलहरींचे भाड्याचे दुवे उभारावे लागले होते; हाताच्या आज्ञा पाठवायला मात्र घरीच बनवलेला १,२०० बॉडचा मोडेम पुरला. लोकांसमोर माउस पहिल्यांदा आला त्याच दिवशी हात आणि डोळा वेगवेगळ्या वाटांनी गेले होते. पुढे पेट्या बनवणाऱ्यांनी त्यांना एका वाटेवर आणले.

तसे का केले, तेही समजण्यासारखे आहे. पहिल्या पेट्या म्हणजे प्रिंटर वाटून घ्यायच्या खटक्याच्या डब्यांच्याच बहिणी: पुढे फिरवायची मूठ, मागे सॉकेट, आत नुसते तांब्याचे संपर्क. मूठ फिरवली की सगळ्या तारा एका संगणकावरून तुटून दुसऱ्याला जोडल्या जात. कीबोर्डसाठी ही तुटातूट घातक होती. आयबीएमच्या १९८७ च्या पीएस/टू संगणकांबरोबर आलेली गोल पिनांची जोडणी चालू स्थितीत काढण्या-घालण्यासाठी बनवलेलीच नव्हती. संगणक सुरू होताना कीबोर्ड जागेवर सापडला नाही तर तो अडून बसे, आणि कीबोर्ड नाही, पुढे जायला एफ-वन दाबा, असा न पाळता येणारा हुकूम पडद्यावर दाखवी. माउसची तार क्षणभर सुटली तरी बाण पुढच्या सुरुवातीपर्यंत गोठलेलाच राही. म्हणून पेटीच्या आत एक छोटा मेंदू आला. तो प्रत्येक संगणकाला स्वतंत्रपणे भासवतो की कीबोर्ड आणि माउस तुलाच जोडलेले आहेत, आणि खरा कीबोर्ड एका वेळी एकाकडे वळवतो. स्क्रोल लॉक दोनदा दाबून संगणक बदलण्याची युक्ती याच मेंदूमुळे शक्य झाली. थोडक्यात, हाताची बाजू नव्वदच्या दशकातच सुटली होती. यूएसबी आल्यावर तर कीबोर्ड चालू यंत्रात केव्हाही जोडता येऊ लागला आणि प्रश्नाची धारच गेली. आजचा सर्वांत साधा यूएसबी बदलखटका कीबोर्ड एका यंत्रातून काढून दुसऱ्यात घालतो, एवढेच करतो. दुसऱ्या यंत्राला तो ओळखायला एखाद-दोन सेकंद लागतात, आणि बहुतेकांना तेवढे चालते.

डोळ्याची बाजू मात्र कधीच पुरती सुटली नाही. उलट दर पिढीला नव्याने बिघडत गेली. व्हीजीएच्या काळात चित्र सलग विद्युतलहरींच्या रूपात येई. पेटीतून आणि लांब वायरीतून गेले की अक्षरांच्या उजवीकडे फिकट सावली उमटे. मग डिजिटल जोडण्या आल्या, सावली गेली आणि तिच्या जागी हुज्जत आली. प्रत्येक मॉनिटरजवळ ईडीआयडी नावाचे स्वतःचे ओळखपत्र असते: माझा आकार इतका, मी इतके बिंदू दाखवतो, सेकंदाला इतकी चित्रे पेलतो. हे प्रमाण १९९४ पासूनचे. संगणक ते ओळखपत्र वाचूनच चित्र कसे पाठवायचे ते ठरवतो. पेटीचे बटण दाबले की मागे सोडलेल्या संगणकाला वाटते, मॉनिटर गेला. मग तो उघड्या खिडक्या गोळा करून लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर रचतो. परत येऊन पाहावे तर मांडलेला सगळा संसार एका कोपऱ्यात कोंबलेला. विंडोज ११ मध्ये खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवण्याची सोय मायक्रोसॉफ्टला मुद्दाम द्यावी लागली, यावरून हे दुखणे किती पसरले होते ते कळते. चांगल्या पेट्या ओळखपत्राची नक्कल प्रत्येक संगणकाला दाखवत राहतात. स्वस्त पेट्या हे करत नाहीत, आणि खोक्यावर ते स्पष्ट छापलेलेही नसते. त्यात वेगाच्या पायऱ्या: एचडीएमआय १.४ साठी बनवलेली पेटी फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच नेते, तिथे माउसचा बाण अडखळत सरकताना डोळ्याला दिसतो. ६० साठी २.० ची पेटी हवी, १४४ साठी त्याहून वरची. प्रत्येक नव्या मॉनिटरबरोबर पेटी जुनी ठरते. कीबोर्ड मात्र पंधरा वर्षांपूर्वीचाही चालतो. पेटीच्या किमतीतला मोठा वाटा आणि तिच्याविषयीच्या तक्रारींतलाही मोठा वाटा व्हिडिओ या मधल्या अक्षराचा आहे, असे मी म्हणतो ते यामुळे.

आणि हे सगळे कशासाठी? जे काम मॉनिटर स्वतःच करू शकतो त्यासाठी. आजच्या साध्या मॉनिटरच्या पाठीवरही दोन-तीन सॉकेट असतात: एक एचडीएमआय, एक डिस्प्लेपोर्ट, कधी दोन एचडीएमआय, अलीकडे यूएसबी-सी. दोन संगणकांच्या वायरी थेट तिथे लावल्या की मध्ये पेटी उरत नाही. उरते ते फक्त कोणते सॉकेट पाहायचे ते सांगणे. मॉनिटरखालची बारीक बटणे चाचपत हे करणे कंटाळवाणे आहे, हे खरे. पण ओळखपत्र वाचण्यासाठी मॉनिटरच्या वायरीत ज्या दोन तारा असतात, त्याच तारांवरून मॉनिटरला हुकूमही देता येतो. प्रकाश कमी कर, रंग बदल, मार्ग बदल. मार्ग बदलण्याच्या हुकमाचा क्रमांक सोळाच्या पायाने लिहिला तर ६०. लिनक्सवर डीडीसीयुटिल या छोट्या साधनाला ६० हा क्रमांक आणि, सोळाच्याच पायाने, एचडीएमआयसाठी ११ किंवा डिस्प्लेपोर्टसाठी ०एफ ही किंमत दिली, की मॉनिटर आपण होऊन त्या सॉकेटकडे वळतो. डिस्प्ले-स्विच नावाची एक मुक्त प्रणाली याच्या पुढे जाते. यूएसबी खटक्याने कीबोर्ड एका संगणकावरून निघाला, हे तिला कळते आणि ती त्याच क्षणी मॉनिटरला मार्ग बदलायला सांगते. म्हणजे साधा यूएसबी खटका, आधीपासून असलेला मॉनिटर आणि पार्श्वभूमीत चालणारी चिमुकली प्रणाली, एवढ्यावर महागड्या पेटीचे सगळे काम होते, आणि चित्राच्या वाटेत एकही जास्तीचा सांधा येत नाही. सगळे मॉनिटर हा हुकूम नीट पाळत नाहीत. काहींत ही सोय सूचीत जाऊन आधी चालू करावी लागते, आणि काही मॉनिटर न पाहिलेल्या सॉकेटवर आपण गैरहजर असल्याचे सांगतात, मग खिडक्यांची पळापळ होतेच. पण दोष आला तर तो एका वस्तूत शोधायचा असतो, तीन वस्तूंच्या आपसांतल्या भांडणात नाही. काही निर्मात्यांनी यूएसबी खटकाच मॉनिटरच्या पोटात घातला आहे. मॉनिटर बदलायची वेळ आली असेल, तर ती सोय असलेला घेणे मला पेटीपेक्षा शहाणपणाचे वाटते.

दुसरी वाट वायरच काढून टाकते. प्रत्येक संगणकाला त्याचा पडदा असू द्यायचा आणि हाताचे निरोप नेटवर्कवरून पाठवायचे. माउसचा बाण डाव्या पडद्याच्या कडेला गेला की उजव्या संगणकावर उगवतो, आणि कीबोर्ड त्याच्या मागोमाग जातो. युनिक्सच्या एक्स विंडोसाठी एक्स-टू-एक्स हे साधन नव्वदच्या दशकातच होते. २००१ मध्ये ख्रिस शोनमन यांनी सिनर्जी काढले आणि विंडोज, मॅक, लिनक्स एका माउसखाली आले. पुढे त्या झाडाला फांद्या फुटल्या. सिनर्जी विकत मिळू लागल्यावर तिच्या मुक्त संहितेतून बॅरियर निघाले, बॅरियर सांभाळणारे वेगळे झाल्यावर इनपुट लीप निघाले, आणि मूळ मुक्त संहिता आता डेस्कफ्लो या नावाने चालते. मायक्रोसॉफ्टचे माउस विदाउट बॉर्डर्स २०११ पासून चार विंडोज संगणकांपर्यंत हेच करते आणि २०२३ पासून पॉवरटॉइज या मोफत संचात मिळते. अ‍ॅपलने युनिव्हर्सल कंट्रोल २०२२ च्या मार्चमध्ये दिले. मॅक आणि आयपॅड मिळून तीन यंत्रे, ती जवळजवळ असावीत आणि एकाच खात्याची असावीत ही अट. ही यादी वाढवता येईल, पण मुद्दा यादीचा नाही. २० वर्षांत इतकी साधने निघाली, टिकली आणि शेवटी दोन मोठ्या कंपन्यांनी आपल्या प्रणालींसाठी ही सोय देऊ केली, ती हाताचा भार इतका हलका आहे म्हणूनच. वायरने जोडलेल्या घरगुती नेटवर्कवर निरोप जायला एक मिलिसेकंदही लागत नाही. पडद्यावरचे एक चित्र बदलायलाच १६ मिलिसेकंद लागतात. वायफायवर कधी कधी बाण उडी मारतो, तेव्हा निदान मुख्य संगणक तरी वायरीवर ठेवावा.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी या वाटेवर एक खड्डा आहे, आणि तो फारसे कोणी दाखवत नाही. कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, कळेचा क्रमांक पाठवतो. इनस्क्रिप्टमध्ये ‘क’ ज्या कळेवर आहे तिचा यूएसबीतला क्रमांक १४. तो क्रमांक इंग्रजी ‘के’ समजायचा की ‘क’, हे संगणकात बसवलेली मांडणी ठरवते. वायरीवरचा खटका तो १४ जसाच्या तसा नेतो, म्हणून पलीकडच्या संगणकावर मराठी मांडणी चालू असली की मराठी उमटते; अलीकडच्या यंत्राला मराठी येते की नाही याचा संबंधच येत नाही. सिनर्जी आणि तिच्या घराण्यातली साधने मात्र कळेच्या क्रमांकाबरोबर चिन्हही पाठवतात: अलीकडच्या यंत्राने कळेचा काय अर्थ लावला ते. पलीकडे ते चिन्ह कोणत्या कळेने निघते याचा शोध घेतला जातो. दोन्हीकडे मांडणी एकच नसेल तर हा शोध फसतो. कळ दाबली तर भलतेच उमटते किंवा काहीच उमटत नाही. इंग्रजीच्या मांडण्या बहुतेक सारख्या असल्याने इंग्रजी लिहिणाऱ्याला हे जाणवतही नाही. ज्यांना दिवसभर देवनागरीत लिहायचे आहे त्यांनी दोन्ही यंत्रांवर तीच मांडणी बसवावी आणि मांडणी बदलायची कळही तीच ठेवावी. तरीही जमले नाही तर सरळ वायरीच्या खटक्याकडे जावे. हात वेगळे करा, या माझ्या सल्ल्याला यामुळे बाधा येत नाही. हात कोणत्या वाटेने न्यायचे ते यावरून ठरते.

आता आक्षेपांकडे. पहिला सुरक्षेचा, आणि तो गंभीर आहे. नेटवर्कवरून कीबोर्ड पाठवायचा म्हणजे पासवर्डही नेटवर्कवरून जाणार. सिनर्जीच्या सुरुवातीच्या आवृत्त्या सगळे उघडे पाठवत. जाणकार लोक त्याभोवती एसएसएचचा बोगदा बांधत. पुढे सांकेतिकरण आले, पण तेवढ्याने भागले नाही. २०२१ मध्ये लिनक्सचे वितरण करणाऱ्या सुसे कंपनीच्या सुरक्षा पथकाने बॅरियर तपासले, तेव्हा त्याचा सर्व्हर जोडणाऱ्या यंत्राची खातरजमाच करत नसल्याचे आढळले. यंत्राला दिलेले नाव ओळखता आले की त्याच नेटवर्कवरचा परका त्या नावाने जोडून घेऊ शकत होता आणि कळांचे निरोप त्याच्याकडे जाऊ शकत होते. २.४.० या आवृत्तीत ते बुजवले गेले. यातून निष्कर्ष असा निघतो की ही साधने आपल्या घरातल्या, आपल्याच दोन यंत्रांसाठी ठीक. हॉटेलच्या किंवा सामाईक कार्यालयाच्या वायफायवर नव्हेत. कंपनीच्या लॅपटॉपवर तर असे काही बसवायची बहुधा परवानगीच नसते, आणि नसावी हे योग्यच आहे. तिथे वायरीचा यूएसबी खटका कामाला येतो. लॅपटॉपला समोर फक्त एक साधा कीबोर्ड दिसतो. त्यात काही बसवावे लागत नाही, आणि एका यंत्रावर कॉपी केलेला मजकूर चुकून दुसऱ्यात जाण्याची वाटही उरत नाही. नेटवर्कवरच्या साधनांतली कॉपी केलेल्या मजकुराची ही सामाईक फळी वापरायला सोयीची असते, पण दोन मालकांच्या यंत्रांमध्ये ती असूच नये, असे माझे ठाम मत आहे. खटका मात्र स्वतःच्या ओळखीच्या दुकानातून घ्यावा, आणि त्याला कीबोर्ड-माउस सोडून पेनड्राइव्ह वगैरे लावू नये. तसे केले की खटका उरत नाही, दोन यंत्रांमधला पूल होतो.

दुसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. हात एका यंत्रावर आणि डोळा दुसऱ्या पडद्यावर, असे झाले की माणूस चुकीच्या ठिकाणी लिहितो. संपूर्ण केव्हीएममध्ये समोर जे दिसते तिथेच कळ जाते. ही मोठी सुरक्षितता आहे. पडदे वेगळे असले की बाण कुठे आहे ते विसरायला वेळ लागत नाही, आणि एका ग्राहकाचा पासवर्ड दुसऱ्याच्या गप्पांच्या खिडकीत पडू शकतो. साध्या टेबलावर यावर उपाय आहेत: बाण मोठा करणे, चालू यंत्राचा दिवा डोळ्यांसमोर ठेवणे, पडद्याच्या कडेवर ओलांडण्यासाठी विशिष्ट कळ दाबण्याची अट घालणे. पण जिथे एका चुकीची किंमत नोकरी किंवा राष्ट्राचे गुपित असते तिथे हे उपाय अपुरे आहेत, आणि तिथे माझा नियम मी स्वतःहून मागे घेतो. सैन्य, गुप्तचर आणि परराष्ट्र खात्यांच्या टेबलावर गुप्त जाळ्याचा संगणक आणि उघड्या जाळ्याचा संगणक शेजारी असतात. त्यांच्यासाठी बनलेल्या सुरक्षित केव्हीएममध्ये हात आणि डोळा मुद्दामच एका बटणाला बांधलेले असतात. या पेट्यांची रचना पाहिली की तीन अक्षरांची गाठ सुरक्षित करायला किती खटाटोप लागतो ते दिसते. कीबोर्डकडून संगणकाकडे माहिती जाते, पण उलट येऊ शकत नाही, अशी एकमार्गी वाट आत असते. कॅप्स लॉकचा दिवा कीबोर्ड स्वतः लावत नाही, संगणक हुकूम देतो तेव्हा तो लागतो. म्हणजे संगणकाकडून कीबोर्डकडे येणारी ती एक बारीक फट आहे. एका यंत्राने दिव्यातून काही लिहावे आणि दुसऱ्याने कीबोर्डातून वाचावे, इतक्या दूरचा विचार करून हे दिवेच बंद ठेवले जातात. मॉनिटरचे ओळखपत्र पेटी सुरू होताना एकदाच वाचून गोठवले जाते, कारण त्या दोन तारांवरूनही दुतर्फा बोलता येते. यूएसबीत कीबोर्ड-माउसखेरीज काही लावले तर ते नाकारले जाते, आणि पेटी उघडायचा प्रयत्न झाला तर ती कायमची निकामी होते. अमेरिकेत अशा उपकरणांसाठी स्वतंत्र संरक्षण-निकष ठरवलेले आहेत. ज्याला हे सगळे हवे आहे त्याने ते घ्यावे. पण या पेटीची भीती आणि किंमत दोन्ही साध्या गृह-कार्यालयाने उसनी घेण्याचे कारण नाही.

दुसरा अपवाद सर्व्हरच्या खोलीचा, आणि तो वाटतो तितका मोठा राहिलेला नाही. ४२ घरांच्या रॅकमध्ये प्रत्येक सर्व्हरला मॉनिटर देणे अशक्य. म्हणून खणासारखा ओढून काढायचा पडदा-कीबोर्ड आणि मागे ८ किंवा १६ मार्गांची पेटी, अशी पद्धत रुळली. पण रोजचे काम सहसा त्या पडद्यावरून होत नाही. ते बहुतेक एसएसएचवरून, नुसत्या अक्षरांत होते. म्हणजे तिथेही चित्र बाजूला पडले. पडदा लागतो तो यंत्र सुरूच होत नाही तेव्हा, आणि त्यासाठी १९९८ च्या आयपीएमआय प्रमाणानंतर सर्व्हरच्या पाटावरच एक स्वतंत्र छोटा संगणक बसू लागला, जो मुख्य यंत्र मेलेले असतानाही त्याचा पडदा नेटवर्कवरून दाखवतो. साध्या संगणकांसाठी रास्पबेरी पायवर उभारलेले पायकेव्हीएम हेच काम करते. दूरच्या गावातला संगणक बायोसपासून चालवायचा असेल तर याला तोड नाही. पण दाराची किल्ली इतकी ताकदीची असली की ती चुकीच्या हातात काय करते, हेही दिसले आहे. अमेरिकेच्या न्याय विभागाने २०२५ च्या जूनमध्ये जाहीर केलेल्या खटल्यांत उत्तर कोरियाचे संगणक-कामगार खोट्या ओळखीने अमेरिकी कंपन्यांत नोकरीला लागले होते, आणि कंपन्यांनी धाडलेले लॅपटॉप अमेरिकेतल्या घरांत ठेवून त्यांना केव्हीएम उपकरणे जोडली गेली होती. लॅपटॉपला वाटत होते की कोणी समोर बसून टाइप करत आहे. अशी पेटी घरच्या राउटरमधून थेट बाहेर उघडी ठेवणे म्हणजे घराची किल्ली फाटकाला टांगणे. ती वापरायची तर व्हीपीएनच्या आडूनच.

पडदा अनिवार्य आहे, या समजुतीला सर्वांत सरळ उत्तर अंध वापरकर्त्यांनी दिले आहे. एनव्हीडीए हा मोफत पडदावाचक २००६ पासून आहे, आणि मराठीतही बोलतो. त्याच्यासाठी निघालेल्या रिमोट या जोडणीने एका संगणकावरच्या कळा दुसऱ्याकडे जातात आणि परत येतो तो फक्त बोलायचा मजकूर किंवा ब्रेल. चित्र जातच नाही. २०२५ च्या पहिल्या आवृत्तीपासून ही सोय मूळ एनव्हीडीएतच आली. दृष्टी असलेला माणूस दूरच्या संगणकाचे चित्र ओढत बसतो तेव्हा मोबाइलच्या अशक्त जोडणीवर ते अडखळते. हे संभाषण त्याच जोडणीवर सुरळीत चालते. हालचालींवर मर्यादा असलेल्या ज्या माणसांना खास ट्रॅकबॉल किंवा एकाच बोटाने चालणारा कीबोर्ड लागतो, त्यांच्यासाठीही हात वाटून घेणे ही चैन नाही. ते साधन एकच असते, आणि ते सगळ्या यंत्रांवर चालले पाहिजे.

राहिला जागेचा आणि पैशाचा आक्षेप. मुंबईतल्या खोलीत दुसरा मॉनिटर ठेवायचा कुठे? रास्त प्रश्न आहे. पण यातल्या बहुतेकांकडे दुसरा पडदा आधीच असतो: लॅपटॉपचा स्वतःचा, जो पेटी घेतल्यावर झाकण लावून बाजूला ठेवला जातो. तो उघडा ठेवून थोडा उंचावर मांडला, तर हात तेवढे वाटून घ्यायचे उरतात. दोन्ही यंत्रे खरोखरच एका मोठ्या पडद्यावर हवी असतील तर मॉनिटरची सॉकेटे आहेत. रुंद मॉनिटर तर अर्ध्या-अर्ध्या भागात दोन्ही यंत्रे एकदम दाखवतात. एक गट मात्र उरतो: दोन मोठे मॉनिटर, दोन्ही वेगाने चालणारे, आणि दिवसातून ३०-४० वेळा संगणक बदलायचा. त्यांना डिस्प्लेपोर्टची, ओळखपत्र राखणारी चांगली पेटी लागेल, आणि ती स्वस्त मिळणार नाही. स्वस्तातली घेऊन दोनदा खर्च करण्यापेक्षा एकदाच नीट घ्यावी.

बाकीच्यांनी पेटी मागवण्याआधी मॉनिटरच्या मागे हात घालून सॉकेट मोजावीत आणि वापरात नसलेले एखादे आहे का ते पाहावे. असेल तर दुसऱ्या संगणकाची वायर तिथे लावा, मॉनिटरच्या सूचीत संगणकाचे हुकूम ऐकण्याची डीडीसी/सीआय ही सोय चालू करा आणि दुकानातून फक्त कीबोर्ड-माउसचा यूएसबी खटका आणा.